तुळशीरामजींची थांबलेली पवनचक्की

दिवसभर पोपटांना शिव्या घालणारा आणि त्यांच्यासाठीच पवनचक्की बंद ठेवणारा माणूस मी एकच पाहिला: शेंदूरजनाघाटचे तुळशीरामजी. त्यांची संत्र्याची बाग आमच्या बागेला लागून. बायको वारलेली, तिन्ही पोरं अकोल्याला नोकरीत. बागेतल्या खोलीत हे एकटेच.

सकाळी मी शाळेत शिकवायला निघालो की त्यांचा आवाज यायचा. "अबे लुच्च्याहो, काहून नासवता? खायाचं त थे पुरं खा ना!" पोपट संत्रं अर्धवट टोचून टाकायचे. तुळशीरामजींना चोरीपेक्षा ती नासाडी जास्त खुपायची.

साठ सालच्या सुमारास त्यांनी विहिरीवर पवनचक्की बसवली. "गुरुजी, आता बैलायले पेन्शन!" असं सांगत गावभर फिरले. पण विहिरीपलीकडच्या वडावर पोपटांची वस्ती, आणि परतायची वाट नेमकी पात्यांमधून. चक्कीखाली मेलेले पोपट सापडू लागले. पोपटांना पाती दिसावीत म्हणून तुळशीरामजींनी एका पात्याला डांबर फासलं, बाकीच्यांना लाल चिंध्या बांधल्या. मी मोजत होतो. पहिल्या आठवड्यात अकरा, चिंध्यांनंतर सात.

"म्हणजे कमी झाले," मी म्हणालो.

"त्या सातायले सांगा, गुरुजी."

तेव्हापासून थवे परतायच्या वेळी ते दोर ओढून चक्की थांबवू लागले. अडचण एवढीच की आमच्याकडे वारा सुटतो तोही संध्याकाळीच, आणि अंधार झाला की पडतो. दुपारी चक्की मोकळी असायची आणि पान हलत नसायचं. पेन्शनीतले बैल पुन्हा मोटेला लागले.

वैशाखात बारीक फळं गळू लागली. मी कागदावर मांडून दाखवलं: मोटेनं बाग निम्मीच भिजते. वड तोडला तर पोपट दुसरीकडे जातील, चक्की चालेल, बाग वाचेल.

"बराबर हाये," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन माणसं कुऱ्हाडी घेऊन बोलावली.

संध्याकाळी गावातून परतलो तर वड जागेवर. माणसं भाकर खाऊन निघून गेलेली. तुळशीरामजी मोट हाकत होते.

"अहो, बाग वाळेल!"

"अर्धी वाळन."

"मग?"

त्यांनी बैल थांबवले. वडावर कलकलाट सुरू झाला होता.

"गुरुजी, दिवस बुडाला का माह्या वावरात वापस येनारे तेवढेच हायेत."

मी चपला काढून ठेवल्या आणि बैलांचा कासरा त्यांच्या हातून घेतला.