चौदा कट्ट्यांचा स्टुडिओ

मी फक्त एक गिटार घ्यायची ठरवली होती. एक. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे काही झालं त्यात ट्रॅक्टर आहेत, उंदीर आहेत आणि आमच्या मॅनेजरांनी भर गल्लीत केलेलं एक भाषणही आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस मुळातच उपद्व्यापी असणार. तसं नाही. मी साधा बाबू आहे.

नाव चंद्रशेखर रंगारी. बालाघाटला एका सहकारी समितीत नोकरी. हिवाळ्यात सरकारी भावाने धानाची खरेदी सुरू झाली की शेतकऱ्यांचे कट्टे, म्हणजे धानाची पोती, मोजून घ्यायचे आणि पावती द्यायची, हे माझं काम. बावीस वर्षं पावत्या फाडतोय. माझी सही लामत्यापासून कटंगीपर्यंत लोक ओळखतात. (कलावंत म्हणून नव्हे, पण ओळखतात.)

आता गिटार मध्येच कुठून आली? तर ती हिरालाल भाऊंमुळे आली.

दर वर्षी तीन जानेवारीला आमच्या वॉर्डातल्या विहारात सावित्रीबाईंची जयंती होते आणि माझी बायको ज्योत्स्ना तिथे स्वतः रचलेलं गाणं म्हणते. गाते ती छानच. साथीला असतात हिरालाल भाऊ आणि त्यांची हार्मोनियम. माणूस देवभोळा म्हणतात तसा पेटीभोळा. एका सुरावर बोट पडलं की त्यांना तो सूर सोडवत नाही. पुढच्या सुरावर जायच्या आधी ते चष्मा सारखा करतात. मागच्या वर्षी गाण्याच्या मधेच लाइट गेली, अर्ध्या तासाने आली, तेव्हाही आम्ही दुसऱ्याच कडव्यात होतो. लोक चपला शोधायला लागले होते. ज्योत्स्ना घरी येऊन न जेवता झोपली.

म्हणून यंदा नोव्हेंबरात, चहा पिता पिता, मी म्हणून गेलो, "यंदा साथ माही. गिटारवर. रेकॉर्ड करून देतो, तू फक्त गाणं म्हन."

ज्योत्स्नाने माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांच्या संसारात अशी ती एकदाच पाहत राहिली होती, मी कूलर स्वतः दुरुस्त करतो म्हटलं तेव्हा. पण माझ्याबद्दलच्या अनुभवापेक्षा त्या पेटीचा वैताग मोठा ठरला. दुसऱ्याच दिवशी तिने हिरालाल भाऊंना सांगून टाकलं, "भाऊजी, यंदा तुमी आराम करा. यंदा घरूनच होऊन राह्यलं." झालं. माझे परतीचे दोर कापले गेले. आता मी फसलो असतो तर ज्योत्स्ना साऱ्या वॉर्डासमोर साथीशिवाय उभी राहिली असती, आणि पहिल्या रांगेत हिरालाल भाऊ बसलेले असते.

मी गोंदियाला गेलो. दुकानदाराने विचारलं, साधी की इलेक्ट्रिक? मी इलेक्ट्रिक घेतली, कारण ती लाल होती. (तांत्रिक कारण विचारणाऱ्यांना मी वेगळं उत्तर देतो.) घरी येऊन पलंगावर बसलो, ऐटीत तारांवरून हात फिरवला.

"वाजवा ना जी," ज्योत्स्ना म्हणाली.

"वाजवूनच राह्यलो."

तिने कान जवळ आणला. "हे तं मच्छरच बोलून राह्यले."

इलेक्ट्रिक गिटार स्वतःहून वाजत नाही, तिला अॅम्प लागतो, हे ज्ञान मला त्या संध्याकाळी झालं. पुन्हा गोंदिया. अॅम्प आणला तर आवाज समोरच्या गल्लीपर्यंत, पण तो रेकॉर्ड कसा करायचा? त्याला माईक. पुन्हा गोंदिया. माईक आणला तर त्याची पिन लॅपटॉपला बसेना. मधे एक डबा लागतो म्हणे, त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. पुन्हा गोंदिया. चौथ्या खेपेला गाडीतल्या टीसीने आपुलकीने विचारलं, "अप-डाउन चालू कर दिया क्या बाबूजी?"

एवढं सगळं जोडून मी मागच्या खोलीत पहिलं रेकॉर्डिंग केलं आणि ऐकलं. मी विहिरीत पडून तिथून गिटार वाजवतोय आणि कोणी काढायला येत नाही, असं ते ऐकू येत होतं. मोबाइलवर एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाचा व्हिडिओ सापडला. त्याचं म्हणणं, दोष तुमचा नाही, भिंतींचा आहे. (किती समंजस माणूस!) रिकाम्या भिंती आवाज परत फेकतात. त्यांच्यासमोर काहीतरी जाड, जड, आवाज पिणारं लावा. तो ज्या फोमचे तुकडे दाखवत होता ते गोंदियातही मिळाले नाहीत.

मी हताश होऊन अंगणात आलो. शेजारच्या ओसरीत शेवंताबाई उंदरांना शिव्या देत होत्या. त्यांचं शेत लामत्याकडे. यंदाचा धान कट्ट्यांत भरून ओसरीत थप्पी लावलेली, कारण आमच्या खरेदी केंद्राचं आवार भरल्यामुळे वजनाचा काटा आठ दिवस बंद होता. जाड, जड, बारदान्यात घट्ट भरलेले कट्टे. मला तो दाढीवाला आठवला.

"मावशी, तुमचे कट्टे माया मागच्या खोलीत ठेवू काय? आठ दिवस."

"काहून गा बाबू?"

"आवाज पितेत म्हनून."

शेवंताबाईंनी कट्ट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माया धान आवाज पिते?"

"हौ."

"नेय बापा. इथं तं उंदरंच खाऊन राह्यले. पन चौदा आहेत, ध्यान ठेव. चिठ्ठी दे."

आता बावीस वर्षांची सवय आहे हो. कोणी कट्टे दिले आणि चिठ्ठी मागितली की माझा हात आपोआप चालतो. वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, 'श्रीमती शेवंताबाई यांचेकडून धान कट्टे १४ (अक्षरी चौदा) प्राप्त.' खाली तारीख. खाली माझी सही, जी लामत्यापासून कटंगीपर्यंत लोक ओळखतात.

(कट्ट्यांबरोबर चार-पाच उंदीरही आले. त्यांची नोंद पावतीत नव्हती.)

स्टुडिओ मात्र झकास झाला. तिन्ही बाजूंना कट्ट्यांच्या भिंती, मधे स्टूल, समोर अॅम्प, त्याच्या तोंडाशी माईक. नव्या धानाचा वास. दारं लावून तार छेडली आणि काय सांगू, विहीर गायब! मी सात दिवस रोज संध्याकाळी तिथे बसलो. हात सुधारत नव्हता, पण मी मोठ्या आनंदात होतो. अडचण एकच, दोन सुरांच्या मधे शांतता आली की कट्ट्यांतून कुरतडण्याचा आवाज रेकॉर्ड व्हायचा. त्यावर मी उपाय काढला. शांतता येऊच द्यायची नाही. अॅम्पचं बटण शेवटापर्यंत फिरवलं.

ज्योत्स्ना रोज विचारायची, "झालं काय?"

"होऊन राह्यलं."

एक जानेवारीला सकाळी मी दात घासत दार उघडलं. गल्लीत ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या मागे दुसरा. त्याच्या मागे तिसरा, आणि कोपऱ्यावर वळता येईना म्हणून थांबलेली एक बैलगाडी. सगळ्यांवर धानाचे कट्टे.

"जय भीम बाबू," पहिल्या ट्रॅक्टरवरचा म्हणाला. "काटा कुठं लावला?"

"कायचा काटा?"

"आता लपवू नोको गा. शेवंताबाईले पावती भेटली ना. आमी रात्रीच निंघालो लामत्यावरून."

झालं होतं ते असं. शेवंताबाई शेतावर गेल्या तेव्हा लामत्याच्या पीठगिरणीवर थांबल्या. तिथे कोणीतरी काटा बंद असल्याबद्दल रडत होतं. तेव्हा त्यांनी पदराच्या गाठीतून माझी चिठ्ठी काढून दाखवली, "मायावाले तं बाबूनं घरीच घेतले." त्यांच्या परीने ते अगदी खरं होतं. चिठ्ठी गिरणीवर सगळ्यांनी पाहिली. सही ओळखली.

"अहो, मी ते गिटारसाठी घेतले!" मी ओरडून सांगितलं.

ट्रॅक्टरवाले एकमेकांकडे पाहू लागले. "मंग आमचेबी घ्या ना गिटारसाठी," मागचा म्हणाला. "आमचा धान का खराब आहे काय?"

ज्योत्स्नाने डोक्याला हात लावला आणि चहाचं मोठं पातेलं चढवलं. पंचवीसेक माणसं अंगणात चहा पीत असताना आमचे मॅनेजर पटले साहेब मोटारसायकलवरून उतरले. तोंड लाल.

"रंगारी! घर में केंद्र खोल दिया? नौकरी से जी भर गया क्या?"

मी त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. त्यांनी कट्ट्यांच्या भिंती पाहिल्या. मधली लाल गिटार पाहिली. माईक पाहिला.

"ये क्या है?"

"स्टुडिओ, सर."

"बजा के दिखा."

अॅम्पचं बटण अजून शेवटालाच होतं. मी वाजवलं. पटले साहेबांनी आधी एक कान झाकला, मग दुसरा, मग दोन्ही हात वर करून मला थांबवलं. त्यांचा चेहरा एकदम निवळला होता.

"ठीक है, ठीक है. तू सच बोल रहा है. बेईमान आदमी होता तो दिखाने के लिए थोड़ा तो सीख के रखता."

मग ते बाहेर गेले आणि ओट्यावर उभे राहून म्हणाले, "भाइयो, यहाँ खरीदी नहीं हो रही है. यहाँ..." त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. योग्य शब्द सापडेना. "यहाँ कुछ नहीं हो रहा है. परसों केंद्र पर काटा चालू होगा. घर जाइए." आणि मला हळूच, "शाम तक सब बोरे बाहर. एक दाना नहीं दिखना चाहिए."

ज्योत्स्नाने त्यांनाही चहा दिला आणि जयंतीचं आमंत्रणही. तिची रीतच तशी, भांडायला आलेल्या माणसालाही रिकाम्या हाताने पाठवायचं नाही.

संध्याकाळी चौदाही कट्टे शेवंताबाईंच्या ओसरीत परत गेले. खोली रिकामी झाली. मी तार छेडली, विहीर जागच्या जागी होती. कार्यक्रमाला मधे एकच दिवस उरला होता. ज्योत्स्ना केरसुणी घेऊन आली, सांडलेला धान गोळा करू लागली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "जाऊ द्या. हिरालाल भाऊजीले बलावू. तुमी केलं तेवढं लय झालं."

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने समजून घेतलं, त्याने मी पार खचलो. तिचं गाणं मी बुडवलं होतं आणि ती मला धीर देत होती.

केर काढताना तिने तो इंटरफेसचा डबा उचलला, फडक्याने पुसला. मग उजेडात धरला.

"अजी, या भोकापाशी गिटारचं चित्र काहून आहे?"

"कुठं?"

"हे काय. इथं माईकचं चित्र, अन् इथं गिटारचं. मंग गिटारची वायर इथंच घालाची असन ना?"

मी दीड महिना तो डबा वापरत होतो. सूचनांचं पुस्तक वाचलं होतं. दाढीवाल्याचे अकरा व्हिडिओ पाहिले होते. ज्योत्स्नाने वायर अॅम्पमधून उपटली आणि चित्राजवळ खुपसली. मी हेडफोन लावून वाजवलं. स्वच्छ सूर. ना विहीर, ना भिंत. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरने तीन शिट्ट्या दिल्या. रेकॉर्डिंगमध्ये एकही नव्हती.

खात्रीसाठी गोंदियाच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, गिटार सरळ डब्यात जाते, अॅम्पचा आवाज लॅपटॉपातच मिळतो. खोलीचा तर संबंधच येत नाही. माईक तुम्ही गाण्यासाठी नेला होता ना?"

"हो हो," मी म्हणालो. "गाण्यासाठीच."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. तीनच कॉर्ड, पण नेमके. ज्योत्स्ना भाजी निवडता निवडता ताल धरत होती आणि मी चुकलो की नुसती मान हलवत होती. तेविसाव्या खेपेला मान हलली नाही. इतका सुखाचा दिवस आमच्या घरात बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

तीन तारखेला विहार भरला होता. हिरालाल भाऊ पहिल्या रांगेत, हार्मोनियम कपड्यात गुंडाळून मांडीवर. (न बोलावता. असू द्यावी सोबत म्हणून.) मोबाइल स्पीकरला जोडला, माझी गिटार सुरू झाली आणि ज्योत्स्ना गायली. पाठीमागे कोणी तिला ओढत नव्हतं. गाणं संपलं तेव्हा चपला शोधायला कोणीही उठलं नव्हतं. टाळ्या थांबेनात. "लवकर सपलं," हिरालाल भाऊ हळहळले. ज्योत्स्नाने स्टेजवरून माझ्याकडे बोट दाखवलं, आणि माझे डोळे भरून आले. लपवत नाही.

एवढ्यात शेवंताबाई गर्दीतून वाट काढत आल्या. माझा हात दोन्ही हातांत धरला.

"बाबू, तुया बाजा लय गुनाचा आहे!"

मी मान लववली. "ज्योत्स्नाचं गाणंच तसं आहे, मावशी."

"गान्याचं नाई मनत मी. परवा कट्टे घरी आले, दोन दिवस झाले, ओसरीत एक उंदीर नाई! सात दिवस तुया बाजा ऐकला बिचाऱ्यायनं. मोहल्ला सोडून गेले."

आजूबाजूच्या बाया वळल्या. "खरं काय बाबू? मंग आमच्या घरी कवा येता?" दोघींनी तर तिथेच वार ठरवला.

खुर्चीवर बसलेले पटले साहेबही उठून आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रंगारी, सोमवार को वो मशीन लेते आना. गोदाम में चूहों ने नाक में दम कर रखा है."

मला भरून आलं. साहेबांनी स्वतः बोलावलं! म्हटलं, "सर, आज वाजवली तीच धून वाजवू?"

"नहीं नहीं, ये अच्छा वाला नहीं," साहेब घाईघाईने म्हणाले. "उस दिन मेरे सामने बजाया था ना, वही वाला."