उपसचिवांसाठी विमान

"मी विमानात पाय ठेवणार नाही!" उपसचिव गरजले आणि त्यांनी दाढीचं सामान पिशवीत कोंबलं.

विमान प्रवासावरचा नवा धूरकर त्यांच्याच डोक्यातून निघाला होता. उडणाऱ्यांनी हवा नासवायची आणि बाकीच्यांनी खोकत बसायचं, याची त्यांना मनस्वी चीड. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरात मंत्री तो कर जाहीर करणार होते आणि पत्रकारांना उत्तरं देऊ शकेल असा खात्यात हा एकच माणूस.

"अहो, पण गाडी रखडली तर?" बायकोने विचारलं.

"रखडू दे! मीच उडत गेलो तर लोक तोंडात शेण घालतील."

गाडी निघाली वेळेवर, पण सकाळी एका आडगावच्या स्टेशनात थांबली ती थांबलीच. पुढे मालगाडी घसरली होती. उपसचिवांनी स्टेशनमास्तरला फैलावर घेतलं.

"कधी उठणार ती मालगाडी?"

"साहेब, ती मला विचारून आडवी झालेली नाही."

तेवढ्यात मंत्र्यांचा फोन. "कुठे तडमडलात?"

"गाडी अडकलीय, साहेब."

"गाडी? विमानं काय संपावर गेलीत?"

"तत्त्वाचा प्रश्न होता—"

"चुलीत घाला तुमचं तत्त्व! तिथेच थांबा. हलू नका."

हलायची सोय होतीच कुठे! थोड्या वेळाने आभाळात घरघर झाली आणि स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत चक्क हेलिकॉप्टर उतरलं. स्टेशनमास्तरच्या बायकोचे वाळत घातलेले कपडे चौफेर उधळले. एक चादर थेट सिग्नलला जाऊन बिलगली. ती बाई तावातावाने उपसचिवांवर धावून आली.

"असल्या उडाणटप्पूंवर सरकार कर का नाही लावत?"

"लावलाय हो, बाई! आजच लावतोय!" उपसचिव जीव तोडून ओरडले. पंख्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही.

हेलिकॉप्टरने त्यांना जवळच्या विमानतळावर सोडलं. तिथे सरकारी विमान उभं होतं, खास त्यांना न्यायला रिकामं आलेलं.

"साहेब, खिडकीजवळ बसणार?" हवाईसेविकेने अदबीने विचारलं.

"कुठल्या?" उपसचिव खेकसले. "सगळ्याच माझ्या आहेत!"

पत्रकार परिषदेत पहिलाच प्रश्न आला, "उपसचिवसाहेब, आपण इथे कसे आलात?"

त्यांनी तोंड उघडलं, तोच टेबलाखाली मंत्र्यांचा बूट त्यांच्या पायावर पडला. "रेल्वेने!" मंत्री म्हणाले. "आमचे अधिकारी बोलतात तसे वागतात." टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाहेर पडताच उपसचिव उसळले. "धडधडीत खोटं बोललात!"

"खोटं कुठे? रेल्वेनेच निघालात ना? बरं, विमान परत चाललंय, बसा त्यात."

"मेलो तरी बसणार नाही!"

"नका बसू. रिकामं का होईना, ते जाणारच. रात्री त्याला तिकडच्याच विमानतळावर ठेवतात."

उपसचिव पाय आपटत स्टेशनवर गेले. मार्ग मोकळा झाला होता. गाडीत समोर एक परिचारिका बसली होती. तिने विमानाचं तिकीट रद्द केलं होतं.

"आई अत्यवस्थ आहे," ती धुमसत म्हणाली. "पण तो मेला नवा कर! आजपासूनच लागू, आधी काढलेल्या तिकिटावरसुद्धा! मी पोचेपर्यंत ती डोळे उघडे ठेवेल का, देव जाणे."

तेवढ्यात डोक्यावरून एक विमान गेलं. परिचारिकेने खिडकीतून वर पाहिलं.

"काय नशीबवान असतात एकेक! कोण असेल हो आत?"

"कोणी नाही," उपसचिव म्हणाले.

"काहीतरीच काय! रिकामं विमान कोण कशाला उडवेल?"

उपसचिवांना चिडायचं होतं. पण दिवसभरात पहिल्यांदाच, कुणावर चिडावं ते त्यांना कळेना.