दुभाष्याने गाळलेली अट

सासऱ्यांच्या दातांच्या दवाखान्याचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम जावयाने करायला घेतला, तेव्हाच बायको म्हणाली होती, "बाहेरचं गिऱ्हाईक रागावलं तर निघून जातं. हे कुठे जाणार?" नोकरी सोडल्यावर मिळालेलं हे पहिलंच काम. ते बिघडलं, तर काम जाणार आणि सासुरवाडीत मान वर करायची सोय उरणार नाही.

त्या सकाळी मदतनीस डॉक्टरीणबाई आजारी पडल्या. फक्त त्यांच्या पेशंटना 'आजची वेळ रद्द' असा मेसेज पाठवायचा होता. जावयाने आपल्या भाषेत लिहिलं: ज्यांचे डॉक्टर अमुक, ते पेशंट दे. ते डेटाबेसच्या भाषेत सांगायला त्याने मध्ये सॉफ्टवेअरचाच एक तयार दुभाष्या बसवला होता. घाईत 'अमुक'च्या जागी नाव भरायचं राहिलं. दुभाष्या पडला सरळमार्गी. नाव नाही म्हणजे अट नाही, असं समजून त्याने अटच गाळली, आणि मेसेज झाडून सगळ्यांना गेला.

थोड्याच वेळात रिसेप्शनच्या ताईंचा फोन आला.

"दादा, इथे चिटपाखरूही नाही."

"फोन करून परत बोलवा ना."

"केले. कोणी यायला तयार नाही. एक काका म्हणाले, डॉक्टरांना म्हणावं सावकाश होऊ दे, दुखायचं थांबलंय."

तोंड लपवण्यापेक्षा पाय धरलेले बरे, म्हणून जावई तडक दवाखान्यात गेला. सासूबाईही तिथे डॉक्टरच. त्या दारातच भेटल्या.

"काय करून ठेवलंत हे, जावईबापू?"

"चुकलं माझं. बाबा कुठे आहेत?"

"आत. दार लावून बसलेत."

त्याने भीतभीत दार ढकललं. सासरे पेशंटच्या खुर्चीवर पाय पसरून निवांत पडले होते. एक गाल चांगलाच सुजला होता.

"बाबा, आत्ता दुरुस्त करतो."

"हळू बोला. मेसेज मलाही आलाय. आज हिच्या हातून माझी दाढ निघायची होती. जन्मभर लोकांच्या उपटल्या, पण स्वतःची म्हटली की पाय लटपटतात हो. वाचवलंत तुम्ही."

जावयाचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे काम माझ्याकडेच?"

"तुमच्याकडेच. दुसरं कोण करणार असं?"

एवढ्यात बाहेरून हातमोजे चढवत सासूबाई आल्या. "अहो, आज सगळेच रद्द झालेत, तर मी मोकळीच आहे. बरं झालं, खुर्चीतच बसलात."

सासऱ्यांनी जावयाचा हात घट्ट धरला. "जावईबापू, काम कायमचं तुमचं. फक्त हिला आत्ताच्या आत्ता एखादा पेशंट मिळवून द्या."