दाऊदचाचांची हवागाडी

दिघीत आलेला पाहुणा विचारायचा, "सकाळपासून हा सूं-सूं आवाज कसला?" आम्ही सांगायचो, "काही नाही, दाऊदचाचा गाडीला न्याहारी घालतायत."

दाऊदचाचा माझे शेजारी. धंदा होड्यांच्या भेगांत कापूस आणि डांबर ठासण्याचा. विलायतेत हवेवर चालणारी गाडी पाहिली, असं एका खलाशानं त्यांना सांगितलं आणि दोन वर्षं चाचांनी गावाची करमणूक केली. मोडीत निघालेल्या लाँचीची टाकी, तिचंच इंजिन, टांग्याची चाकं. टाकीत पंपानं हवा कोंबली की गाडी निघाली दूरच्या म्हसळ्याला! "हवा खुदाची हाय, दमडी लागायची न्हाय," हे त्यांचं पालुपद.

दमडी लागत नव्हती, खरंय. फक्त सकाळभर पंप मारला की गाडी मशिदीपासून विहिरीपर्यंत जायची. तेवढ्यात माणूस पाणी भरून घरी येतो, हे मी मास्तर या नात्यानं त्यांना गणित मांडून दाखवलं.

"गळती हाय, मास्तर. बुजवली की झालं."

बुजवली कशानं? कापूस आणि डांबरानं. जन्मभर बाहेरचं पाणी आत येऊ दिलं नाही. आतली हवा बाहेर जाते हा मामला निराळा, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. जोर वाढला की डांबराचा गोळा सुटायचा. एक माझ्या धोतरावर बसला. "चाचा, तुमच्याआधी डांबरच म्हसळ्याला पोचेल," मी म्हणालो. तेही हसले.

एका सकाळी गाडीत त्यांची बायको, अमीनाचाची, बसलेली दिसली. दम्यानं खंगलेली, सहा वर्षांत दाराबाहेर आली नव्हती.

"मोटारीच्या धुरानं ही गुदमरते, बैलगाडीच्या धुळीनं तर मरता मरता वाचली," चाचा म्हणाले. "म्हसळ्यात हिची अम्मा अंथरुणाला खिळलीय. रोज हिलाच इचारते. हवेला धूर न्हाय ना, मास्तर."

आणि मी दोन वर्षं अंतर मोजत बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

गाडी सुटली. विहीर मागे पडली, पिंपळही. मग सूं करून थांबली. "खोकला न्हाय आला," चाची हळूच म्हणाली. चाचा खाली उतरून पंप काढू लागले.

मी धोतर खोचून मागून हात लावला. होडी पाण्यात लोटायला जमतात तसे आजवर हसणारे सगळे गावकरी जमले. "पुढं कुणी चालू नका रे, धूळ उडेल," कुणीतरी ओरडलं. वाटेत एक मुक्काम करून दुसऱ्या दुपारी म्हसळं गाठलं.

अम्मा लेकीच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. "आलीस कशी गो?"

"हवेवर," चाचांनी सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. "व्हय ना, मास्तर?"

गाडी लोटून हातांना फोड आले होते. हात मी पाठीमागे घेतले.

"व्हय, चाचा," मी म्हणालो.