बादलीवर बसण्याचे प्रगत प्रशिक्षण

खेळामुळे माणूस घडतो, याबद्दल आता कुठल्याही समितीत दुमत उरलेले नाही. प्रश्न एवढाच होता की, माणसाला घराबाहेर न काढता घडवता येईल का? मिनेसोटातल्या आमच्या ओल्सग्रेन तळे मत्स्यक्रीडा मंडळाने या प्रश्नाचे उत्तर शोधून काढले आहे आणि मंडळाचा कार्यवाह या नात्याने ते जगापुढे मांडणे माझे कर्तव्य आहे. (मानधन नाही. कॉफी मिळते.)

आमचा खेळ असा. हिवाळ्यात तळे गोठले की त्यावर लाकडी खोपटे ओढत न्यायचे, बर्फाला भोक पाडायचे, भोकात गळ सोडायचा आणि उलट्या बादलीवर बसून भोकाकडे बघायचे. संपले. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, "मग मासा कधी लागतो?" त्यांना आम्ही आणखी कॉफी देतो आणि हवेचा विषय काढतो.

अलीकडे मात्र बर्फ वेळेवर धरेना. मागच्या मोसमात आमच्या खजिनदाराची गाडी पुढच्या दोन चाकांनिशी तळ्यात गेली, तेव्हा तरुण पिढीचा सराव बुडत असल्याचे समितीच्या लक्षात आले. (खजिनदार बुडाला नाही. तो त्या वेळी मागच्या सीटवर सँडविच शोधत होता.) सबब, मंडळाने ग्रंथालयाच्या तळघरात 'द होल ३' हे सराव-यंत्र बसवून घेतले. डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवून खऱ्या बादलीवर बसले की समोर हुबेहूब भोक दिसते. आधीचे दोन भागही वाईट नव्हते, पण त्यांतले भोक मनाला तितके भिडत नसे.

यंत्रात चार पायऱ्या आहेत. पहिलीत काही घडत नाही. दुसरीत काही घडत नाही, पण वारा असतो. तिसरीत शेजारी मेहुणा असतो. चौथी सासऱ्याची; ती पार केलेला माणूस अगदी अलीकडेपर्यंत मंडळात नव्हता. मध्यंतरी कंपनीने एका सुधारित आवृत्तीत मासा घातला होता, पण 'हे वास्तवाला धरून नाही' अशा तक्रारींचा पाऊस पडल्यामुळे तो निमूटपणे काढून घ्यावा लागला. पाहणीत शंभरातल्या एक्क्याण्णव सदस्यांनी एकाग्रता वाढल्याचे सांगितले. उरलेल्या नऊ जणांना उठवून विचारणे समितीला प्रशस्त वाटले नाही.

आता या यंत्राचा प्रत्यक्ष आयुष्यात उपयोग काय, असे कुजकटपणे विचारणाऱ्यांसाठी कार्मिनचे उदाहरण देतो.

कार्मिन डेलुका न्यू जर्सीचा. घरे विकून देणारा दलाल, तोंड हेच त्याचे भांडवल. आमच्या ऑर्डेल ब्रेकहुसच्या लेकीशी, मारितशी, त्याचे जमले. पोरगा लाख माणूस, पण बोलायचा किती! पेट्रोल भरायला थांबला तरी पंपवाल्याच्या आजीच्या गुडघ्यांची चौकशी करून यायचा. आणि इकडे ऑर्डेल! कोठाराला आग लागली तेव्हा तो "ऊब वाढली" एवढेच म्हणाला होता, तेही बायकोने विचारले म्हणून.

आमच्याकडे मुलीला रीतसर मागणी घालत नाहीत. मुलीचा बाप होणाऱ्या जावयाला फक्त विचारतो, "शनिवारी तळ्यावर येतोस?" याचा अर्थ अख्ख्या गावाला कळतो. मारितच्या आधीच्या मित्राने खोपट्यात बसून गुंतवणुकीवर व्याख्यान दिले होते. ऑर्डेल "उशीर झाला" म्हणून उठला. सकाळचे नऊ वाजले होते.

कार्मिनला बोलावणे आले, तसा तो धावतपळत माझ्याकडे आला.

"काका, वाचवा! मारित म्हणते, लग्न तर मी करणारच. पण बाबांशी तुझं जमलं नाही, तर ते लग्नात गप्प बसतील."

"ऑर्डेल नेहमीच गप्प असतो."

"तेच म्हटलं मी! तर रडायलाच लागली. म्हणाली, ते गप्प वेगळं."

इथे जन्मलेल्या कुणालाही हा फरक समजावून सांगावा लागत नाही. एक गप्प शेजारी बसून असते आणि एक पाठ फिरवून. बाप पाठ फिरवून गप्प असला, तर लग्नाचा केक मुलीच्या घशाखाली उतरत नाही. खरं सांगतो, मला दोघांचीही दया आली. मी पोराच्या हातात बादली ठेवली.

पहिल्याच दिवशी तो भोकाशी गप्पा मारू लागला. यंत्राला कान आहेत. लाल दिवा लागला आणि अक्षरे उमटली: मासे निघून गेले.

"मासे होतेच कुठे?" कार्मिन ओरडला.

"आता तर नाहीतच," मी म्हणालो.

"पण काका, ह्यात जिंकायचं कसं?"

"बसायचं."

"आणि मग?"

"बसलायस की."

हळूहळू गडी मुरला. तो 'हं' म्हणायला शिकला. मंडळाच्या अभ्यासक्रमात तीन 'हं' आहेत: हवेचा, कॉफीचा आणि कुणी वारल्याचा. (दुसरा सर्वांत ऊबदार, तिसरा सर्वांत आखूड.) मेहुण्याची पायरी त्याने एका दमात पार केली. सासऱ्याच्या पायरीवर दोनदा आपटला, पण तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला आणि ग्रंथपालबाईंनी हळूच टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी मारितचा फोन.

"काका, काय करून ठेवलंत ह्याचं? काल मी विचारलं, माझ्यावर प्रेम आहे ना? तर म्हणतो, 'हं'!"

"कोणता?"

"बहुतेक कॉफीचा."

"मग काळजी नको, पोरी."

शनिवारी ऑर्डेलच्या खोपट्यात निरीक्षक म्हणून मी तिसऱ्या बादलीवर हजर होतो. ऑर्डेलने भिंतीवरची गळाची काठी काढून कार्मिनच्या पुढ्यात लाकडी ठोकळ्यावर लावली. ही काठी त्याच्या वडिलांनी स्वतः तासलेली. तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला गावाने पाहिला नव्हता. मग आम्ही बसलो. सकाळ गेली. ऑर्डेलने सँडविच पुढे केले; कार्मिनने दोनदा मानेने नको म्हटले आणि तिसऱ्यांदा घेतले. अगदी आमच्या रीतीप्रमाणे! ऑर्डेलची एक भुवई समाधानाने हलली. मला वाटले, पोरगा तरला.

आणि मग घडू नये ते घडले. मासा लागला.

काठी एकदा वाकली. पुन्हा वाकली. कार्मिन तिच्याकडे बघत बसला. अभ्यासक्रमात हा भागच नव्हता हो! काठी ठोकळ्यावरून घसरली, बर्फावरून सरपटत गेली आणि भोकात नाहीशी झाली. कार्मिनने पापणी हलवली नाही. मला मात्र मारितचा केक डोळ्यांसमोर दिसू लागला.

ऑर्डेल बराच वेळ भोकाकडे बघत राहिला.

"बाबांची काठी," तो म्हणाला.

कार्मिन म्हणाला, "हं."

तिसरा. सर्वांत आखूड. बिनचूक!

ऑर्डेलने थर्मास उघडला, आपल्या स्वतःच्या झाकणात कॉफी ओतली आणि ती जावयाच्या हातात दिली. "वाईट नाही," तो म्हणाला. कॉफी की पोरगा, हे त्याने सांगितले नाही. आमच्या भागात यापेक्षा मोठे विशेषण नाही.

लग्नात ऑर्डेल सबंध संध्याकाळ गप्प होता, कार्मिनच्या शेजारी बसून. मारितने केकचे दोन तुकडे खाल्ले. कार्मिनची आई डोलोरेस तेवढी मला कोपऱ्यात गाठून म्हणाली, "अहो भाऊ, आमचा मुलगा आजारी आहे का? घरात आम्हाला कधी रेडिओ लावावा लागला नाही!" मी म्हणालो, "बाई, तो तयार झालाय." तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिची नोंद समितीने घेतलेली नाही.

काही विघ्नसंतोषी म्हणतात की, यंत्रामुळे पोराने तळ्यातला सर्वांत मोठा मासा घालवला. मंडळाचा खुलासा असा की, मासे पकडणे हे या खेळाचे कौशल्य कधीच नव्हते.

यंत्र महाग असल्यामुळे प्राथमिक प्रशिक्षण त्याच्याशिवाय देता येईल का, याची चाचणी मंडळाने हाती घेतली होती. तीही आत्ताच पूर्ण झाली. वाचकहो, आपण मघापासून एका पांढऱ्या चौकोनाकडे टक लावून बसला आहात. जागचे हललेले नाहीत. शेवटी काहीतरी गळाला लागेल, अशी आपल्याला आशा आहे. काहीही लागलेले नाही. अभिनंदन! आपण पहिली पायरी पार केलीत.

आत्ता आपण जो 'हं' केलात, तो समितीने ऐकला. जरा लांबला. सराव वाढवा.