चोपन्न किलोंचा उजेड

आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर खडूची एक फुली आहे. गेल्या दिवाळीत मी भिंतीला रंग दिला, तेव्हा समोरच्या भूपालआण्णांनी माझ्या रंगाऱ्याला परस्पर दम भरला. "पावणं, भित्तीला काय फासायचं त्ये फासा, पण फुलीला हात लावायचा न्हाय." भिंत माझी, रंग माझा, मजुरी माझी. पण आज सगळी भिंत मोतिया रंगाची आहे आणि मधोमध वीतभर चौकोन जुन्या चुन्याचा, फुलीसकट. येणारा-जाणारा विचारतो, मी काहीतरी थाप मारतो.

ही फुली म्हणजे आण्णांच्या मोटारसायकलच्या हेडलाईटचा नेम. कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत त्यांचं फाटक माझ्या भिंतीच्या बरोबर समोर येतं. अंधार पडू लागला की आण्णा फाटकात गाडी उभी करतात, दिवा लावतात आणि उजेडाची वरची कड फुलीला टेकेपर्यंत हेडलाईटचा स्क्रू पिळत बसतात. कड फुलीच्या वर गेली तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपणार, फार खाली गेली तर आपल्यालाच रस्ता दिसणार नाही. "उजेड वाटंवर पडाय पायजे, माणसाच्या डोळ्यात न्हाय," हे आण्णांचं ब्रीद. अप्पर लावून सुसाट येणाऱ्या अनोळखी माणसालाही ते हात आडवा करून थांबवतात. "पावणं, डिपर मारा की! सासुरवाडीला चाललाय का शिकारीला?"

आण्णा साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खिशातला स्क्रूड्रायव्हर काही निवृत्त झाला नाही. जैन घर, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवण. आता साडेसहाला ज्याचं ताट उचललं गेलं, त्या माणसानं झोपेपर्यंत करायचं काय? आमच्या घरी टीव्ही लावतात. आण्णा दिवा लावतात.

गाडी जुनी, किकची. तिच्या मूळ दिव्याची एक खोड होती. तो थेट इंजिनावर चालायचा. रेस दिली की लख्ख, रेस सोडली की मिणमिण. म्हणजे पुढे काहीतरी आहे असं वाटून माणूस गाडी हळू करणार, आणि नेमका त्याच क्षणी दिवा डोळे मिटणार. "भ्या वाटलं की उजेड जातुया. असला कसला दिवा?" असं म्हणत आण्णांनी चार वर्षांपूर्वी तो उपटला आणि तेव्हापासून त्यांचं दिव्याचं वेड सुरू झालं.

पहिला बसवला तो चारचाकीचा बल्ब. उजेड असा की माझ्या स्वयंपाकघरात बायकोला भाकरी उलटायला ट्यूब लावावी लागेना. पण बल्ब तापायचा, काच तापायची आणि गल्लीतले झाडून सगळे किडे त्या काचेवर येऊन मरायचे. तिसऱ्या दिवशी पद्माक्का, म्हणजे आण्णांची बायको, दारात येऊन उभ्या राहिल्या. "सूर्याच्या आत जेवायचं कशापाई, किडं मरू नयेत म्हणून. आन् जेवून उठलं की ही हत्या?" आण्णा ओशाळले. त्यांनी पाणी गाळायचं दुहेरी फडकं आणून दिव्याला बांधलं. किडे वाचले, पण उजेड देव्हाऱ्यातल्या समईइतका उरला. मग ते फडकंही गेलं आणि बल्बही गेला.

त्यानंतर आला एलईडी. त्यासाठी बॅटरीवरून नवी जाड वायर ओढली, सीटखाली टिकटिकणारी रिलेची डबी बसवली. रेस असो नसो, उजेड तेवढाच. काच गार. इथं कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. आण्णांचं खरं काम इथून सुरू झालं.

कारण मागच्या सीटवर माणूस बसला की गाडी मागे दबते, दिवा वर बघू लागतो आणि सगळा नेम चुकतो. तेव्हा नेम धरायचा तो मागे वजन ठेवूनच. आणि वजन किती? तर चोपन्न किलो. आण्णांनी कारखान्याच्या सभासदाला मिळणारं साखरेचं पन्नास किलोंचं पोतं आणलं, त्यात चार किलोची कढई घातली, पोतं सीटवर आवळलं आणि गाडी दोरीनं फाटकाला बांधली. नेम अगदी जमतच आला होता, तेवढ्यात मुंग्या लागल्या. मुंगी मारायची नाही. झटकायचीही नाही, पाय मोडतो म्हणे. दोन दिवस आण्णा गाडीशेजारी खुर्ची टाकून मुंग्या आपण होऊन जायची वाट बघत होते, आणि दूध आणायला चालत जात होते.

मग माझी पाळी आली. "सर, वजान किती तुमचं?" मी शाळेत मास्तर आहे, खोटं बोलवत नाही. ब्याऐंशी म्हणालो. मी मागे बसलो, दोन्ही पाय जमिनीला टेकले, आणि उजेड भिंत सोडून माझ्या गच्चीवरच्या टाकीवर गेला. आण्णांनी थोडा विचार केला. "सर, जरा अर्धंच बसा."

अर्धं कसं बसायचं हे त्यांनी सांगितलं नाही. मी अर्धा तास मांड्या ताठ करून सीटच्या वर तरंगत होतो. दुसऱ्या दिवशी शाळेत जिना चढताना पोरांनी मला आधार दिला.

तरंगता तरंगता मी विचारलं, "आण्णा, एवढं करण्यापेक्षा अक्कांनाच बसवा की. त्यांचं वजन चोपन्न असेल की नाही?"

आण्णांचा स्क्रूड्रायव्हर थांबला. "ती बसत न्हाय गाडीवर," ते म्हणाले, आणि त्या दिवशीचं काम तिथंच आटोपलं.

हे गल्लीला ठाऊकच होतं. चार वर्षांपूर्वी दोघं गाडीवरून पडली होती, तेव्हापासून अक्कांनी गाडी सोडली, असं सगळे म्हणत. अक्का बहिणीकडे जायच्या ते रिक्षानं स्टँडवर, तिथून एसटीनं. आणि रिक्षाच्या मागे, भर दुपारी हेडलाईट लावून, आण्णा. गल्लीला याची मोठी करमणूक होती. मीही हसत होतो.

गेल्या महिन्यात अक्का फाटकात रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. मी सहज चेष्टेनं म्हणालो, "अक्का, चार वर्षं झाली. आता सोडा की आण्णांवरचा राग."

"कसला राग, सर?" अक्का चकित झाल्या. "मी कवाच तयार हाय. ह्येच बसवंनात! मी मागं बसतो म्हटलं की म्हणत्यात, जरा थांब, अजून उजेड कमी पडतुया."

मग त्यांनी सांगितलं. इचलकरंजीवरून, बहिणीकडून येत होती दोघं. सांजवेळ झालेली, उसाचा हंगाम. पुढे उसानं भरलेली ट्रॉली उभी, मागे एक दिवा नाही. आण्णांना काहीतरी आहे असं वाटलं, त्यांनी रेस सोडली, आणि त्या दिव्यानं डोळे मिटले. "मी चरीत पडलो. हे मनगट मोडलं," अक्कांनी डावा हात पुढे केला. "ह्येंला खरचटलं बी न्हाय. त्येच सलतंय ह्येंला. आता बघा, बहिणीकडं गेलं की चारची एसटी धरायची. तिच्यासंगं सांजच्याला अंगणात बसून चार वर्सं झाली. मला काय एसटी नडलीया? पर ह्येंच्या जिवातलं भ्या कसं काढायचं?"

रिक्षा आली, अक्का गेल्या. मागून दिवा लावून आण्णा गेले. त्या दिवशी मला हसू आलं नाही. चार वर्षं एका माणसाच्या भीतीची मी गंमत करत होतो, याची लाजच वाटली.

त्याच आठवड्यात, दिवेलागणीला, आण्णांनी मला पुन्हा अर्धं बसायला बोलावलं. मी मांडी ताठ करतोय तोच अक्का भांडी आवरून, पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"सर, उतरा. चोपन्न किलोच पायजे न्हवं? हाय की घरात."

मी उतरून हँडल धरलं. अक्का एका अंगानं सीटवर बसल्या. आण्णा दिव्यासमोर उकिडवे बसले होते, तसेच राहिले.

"अवो, फुडं कोण बसणार?" अक्का म्हणाल्या. "चार वर्सं मागच्याचंच वजान मोजलासा. चालवणाऱ्याचं कोण मोजणार?"

आणि खरंच, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं! फिटरच्याही नाही आणि मास्तरच्याही नाही. आण्णांनी गुपचूप स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि पुढे बसले. उजेड फुलीच्या चार बोटं वर गेला. मी स्क्रू पिळला, कड बरोबर फुलीला टेकली.

"बसला नेम," मी म्हणालो.

"अजून जरा..." आण्णा सुरू झाले.

"चला आता," अक्का म्हणाल्या.

"कुठं?"

"फाट्यापतोर. जाऊन येऊ."

आण्णांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. "सर, तुमी जरा फुडं चालत येता काय?"

"सर कशाला? वरात हाय व्हय?"

आण्णांनी किक मारली. गाडी माणसाच्या चालीनं निघाली आणि वळणावर दिसेनाशी झाली. मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून फाटकातच उभा राहिलो. बायको दोनदा जेवायला हाक मारून गेली, पण माझा पाय निघेना.

पंधरा-वीस मिनिटांनी दोघं परत आली. आण्णांची छाती पुढे, चेहऱ्यावर घाम.

"कसा हाय उजेड?" त्यांनी मान वळवून विचारलं.

"मला काय म्हाईत?" अक्का म्हणाल्या. "मी निवांत डोळं मिटून बसलतो."

आण्णा उतरले, गाडी स्टँडवर घेतली आणि अक्कांचं डावं मनगट जपून धरत त्यांना खाली उतरवलं. ते मनगट मग त्यांनी बराच वेळ सोडलं नाही.

"उद्या जाऊया बहिणीकडं," ते म्हणाले. "सांज हुईस्तवर बस तिच्यासंगं. घाई न्हाय."