दाव्याला बांधलेली मोटार

मी बी. ए. झालो तो गेनबामामांमुळे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील वारल्यावर मामांनी मला रिह्याला आपल्या घरी आणलं, पौडच्या शाळेत घातलं आणि पुढे पुण्याला कॉलेजात पाठवलं. असा माणूस रोज दिवेलागणीला आपली मोटार दाव्यानं खुंट्याला बांधतो, हे कॉलेजातल्या मित्रांना सांगताना मला अवघड वाटायचं. पण बांधत होते खरे. गाठ मारून झाल्यावर ती एकदा ओढूनही बघत.

"मामा, तिचं इंजिन चालत नाही. ती जाणार कुठं?"

"जातिवंत हाय ती. तिचा काय भरवसा?"

ही मोटार आली मी पुण्याला गेलो त्या वर्षी. मामी त्याआधीच गेल्या होत्या. त्या उन्हाळ्यात जोडीतला एक बैलही गेला, म्हणून मामा नवा बैल घ्यायला निघाले. वाटेत मुळशीच्या तलावाकाठी एका बंगल्यावर पाणी प्यायला थांबले. बंगल्याचा साहेब कधीच विलायतेला परतला होता आणि पुण्याच्या एका शेटजींनी बंगला नुकताच घेतला होता. मागच्या छपरात टपाची एक जुनी मोटार उभी होती. मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालत होत्या. शेटजी म्हणाले, "उद्या भंगारवाला येऊन घेऊन जाईल."

मामांनी मोटारीभोवती एक फेरी मारली. तिच्या पाठीवर थाप मारली. मग खांद्यावरचा पंचा शेटजींच्या हातावर टाकून त्याखाली त्यांची बोटं धरली. बैलबाजारात सौदा असाच होतो, पंच्याआड बोटं दाबून. शेटजींना ते ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "अहो, मला ताप नाही!"

घरचा उरलेला बैल आणि शेजाऱ्याचा एक, अशी जोडी जुंपून मामांनी मोटार ओढत गावात आणली. वेशीवर दगडूतात्या बसले होते. तरुणपणी मुंबईत ट्रकवर क्लीनर होते, त्यामुळे मोटारीच्या बाबतीत गावात त्यांचाच शब्द शेवटचा.

"गेनबा, बैल आनाया गेला व्हतास न्हवं?"

"आनलं की जनावर. ह्ये चारा खात न्हाई."

मामांचं घर ओढ्यापलीकडे, गावाच्या टोकाला. मामी होत्या तोवर बाया ताक न्यायला येत. नंतर तिकडे कुणी फिरकत नसे. मोटार गोठ्यात उभी राहिली आणि चित्र पालटलं. सखाराम लोहारानं चेपलेला पत्रा ठोकून सरळ केला. गादीत नवा काथ्या भरला गेला. मामांनी पितळेच्या कडा चिंच लावून घासल्या. बेंदराला दिव्यांना शिंगांसारखा हिंगूळ फासून, टपावर झूल टाकून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. संध्याकाळ झाली की सगळे गोठ्यात जमत. दगडूतात्या स्टिअरिंगच्या चाकामागची जागा कुणाला देत नसत. गुळाचा चहा व्हायचा, मामांची पानाची चंची हातोहात फिरायची, आणि मोटार का चालत नाही यावर वाद रंगायचा.

"तेल वर चढत न्हाई."

"तात्या, तुमी उतरला तर चढंल!"

हळूहळू सगळं दुरुस्त झालं. राहिला फक्त एक सुपारीएवढा तुकडा. त्याला रोटर म्हणतात. तो असल्याशिवाय इंजिनला ठिणगी मिळत नाही, आणि तो कधीच गहाळ झालेला होता. मला पुण्यात नोकरी लागल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर जुना बाजार पालथा घालून तो तुकडा शोधला. मामांसाठी काही करायची ती माझी पहिलीच संधी होती.

मामांनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला. सगळे पुढे वाकले.

"ह्यो हिच्या जातीचा न्हाई," मामा म्हणाले.

"लावून तर बघा की," सखाराम म्हणाला.

"उगं हिसका बसंल जनावराला."

विषय संपला. मी हिरमुसलो. त्यानंतर एकच फरक पडला. मामा चंची कुणाच्या हाती देईनात, स्वतःच पान लावून पुढे करू लागले. तात्या म्हणाले, "गेनबा म्हातारपनी चिकट झाला."

चैत्रात शेजारच्या गावची जत्रा होती आणि सगळं गाव तिकडे लोटलं होतं. मी न कळवताच पौडहून चालत निघालो होतो. ओढा ओलांडताना घरघर ऐकू आली. गोठ्यात मोटार चालू होती! अंगभर थरथरत होती. मामा तिच्या पाठीवर हात ठेवून, मान किंचित कलती करून ऐकत होते. थोड्या वेळानं त्यांनी ती बंद केली, मी आणलेला तुकडा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि चंचीच्या आतल्या कप्प्यात ठेवला. मग दाव्याची गाठ ओढून बघितली.

मी मागे फिरलो. ओढ्याकाठी बराच वेळ बसलो आणि नंतर खाकरत अंगणात आलो.

"कवा आलास?"

"हा काय, आत्ताच."

संध्याकाळी जत्रेहून परतलेली मंडळी गोठ्यात जमली आणि तात्यांनी माझ्याकडे वळून ठराव केला, "सदा, म्होरल्या खेपंला पुन्याचा मिस्तरीच घिऊन ये. एकदाची चालू करून टाकू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मामा तेवढे चंचीची दोरी सोडत आणि गुंडाळत राहिले.

मामांना वाचता येत नाही. माझं पत्र शाळेचे मास्तर गोठ्यात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतात. ते ध्यानात ठेवून मी पुण्याला पोचताच लिहिलं:

"तीर्थरूप मामांस, सदाशिवचा शिरसाष्टांग नमस्कार. मिस्त्रीला भेटलो. तो म्हणाला, ही मोटार फार जातिवंत, हिचा तुकडा हिंदुस्थानात मिळत नाही. विलायतेला लिहून ठेवलं आहे, येईल तेव्हा येईल. तोवर कुणालाही हात लावू देऊ नये. मात्र बंद मोटारीजवळ माणसांची रोज ऊठबस हवी, नाहीतर उंदीर तारा कुरतडतात, असं त्यानं बजावून सांगितलं आहे. तरी तात्या, सखारामदादा आणि सर्वांनी बैठक मोडू नये. मी बेंदराला येतो. दिव्यांना लावायला हिंगूळ आणतो. पान मात्र तुमच्याच हातचं खाईन.

आपला, सदा."